माहितीयुद्ध शिकवणारा ऑनलाइन कोर्स केला, त्याचा सविस्तर रिव्ह्यू (५ पैकी ३ स्टार)

माहितीयुद्ध म्हणजे बंदुकीऐवजी बातम्या, अफवा आणि प्रचार वापरून लोकांची मतं फिरवणं. आधी मी गिऱ्हाईक कशी झाले ते सांगते. रात्रीचे साडेअकरा, फोन हातात, अंगठा चालू, आणि मधेच एक जाहिरात आली, 'तुमचं मत खरंच तुमचं आहे का?' क्लिक केलं. काळं बॅकग्राउंड, लाल अक्षरं, खाली टायमर पळतोय, शेजारी 'फक्त ७ जागा शिल्लक'. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंच्या कोर्सला जागा कसल्या शिल्लक असतात हो, खुर्च्या मोजल्या का यांनी? आता मी स्वतः ११ वर्षं जाहिरातीची कॉपी, म्हणजे मजकूर, लिहितेय, असे टायमर क्लायंटच्या पेजवर मीच लावून घेतलेत, तो आतून कसा चालतो ते मला तोंडपाठ आहे, आणि तरीही टायमर १४:३२ दाखवत असताना मी कार्ड काढलं आणि पैसे भरून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या लॅपटॉपवर तेच पेज इनकॉग्निटोत उघडलं. टायमर १५:०० पासून सुरू. बंद करून परत उघडलं, परत १५:००. कलीगच्या फोनवर उघडलं, तिथेही तेच, आणि जागा सगळीकडे ७. म्हणजे रात्री मला दिसलेल्या १४:३२ चा अर्थ इतकाच की मी त्या पेजवर २८ सेकंद घुटमळले होते. याला डार्क पॅटर्न म्हणतात, हॅरी ब्रिग्नल नावाच्या डिझायनरने २०१० मध्ये हा शब्द काढला, आणि कहर म्हणजे याच कोर्सच्या सहाव्या आठवड्यात यावर एक अख्खा व्हिडिओ आहे!! त्यात उदाहरण म्हणून खोटा टायमरच दाखवलाय. बनवणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी एकमेकांचं तोंड बघितलेलं दिसत नाही.

नाव टाकत नाहीये. मला भांडायचं नाहीये कुणाशी, आणि तसंही याच साच्यातले बरेच कोर्स सध्या फिरतायत, त्यातला कुठलाही घ्यायच्या विचारात असाल तर हे वाचून घ्या. एकूण आठ आठवडे, आठवड्याला चार-पाच व्हिडिओ, शेवटी क्विझ आणि एक असाइनमेंट, जी कुणीही तपासत नाही, सिस्टीम 'छान प्रयत्न!' म्हणते आणि पुढे ढकलते. मी पाचव्या आठवड्यात मुद्दाम वॉशिंग मशीनचं मॅन्युअल पेस्ट केलं. त्यालाही छान प्रयत्न.

शिकवणारे दोघं आहेत. एक मॅडम, सगळं आयुष्य जाहिरात एजन्सीत गेलेल्या, बोलायला लागल्या की ऐकत राहावं. दुसरे निवृत्त सैन्याधिकारी, मानसशास्त्रीय कारवायांच्या विभागातले, ज्ञान अफाट पण सगळं एका सुरात, त्यांचे व्हिडिओ मी दीडपट स्पीडने बघितले आणि तरी एकदा झोप लागलीच. दोघं मिळून बोलतात असा एकच व्हिडिओ आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या 'घोस्ट आर्मी'वरचा, म्हणजे ते ११०० लोक, रबरी फुगवायचे रणगाडे आणि मोठाले स्पीकर घेऊन जर्मनांना इथे मोठी फौज आहे असं भासवणारे. त्यात बरेच जण आर्ट स्कूल आणि जाहिरात एजन्सीतून उचललेले होते, त्यावरून मॅडम म्हणतात बघा आमची माणसं, सर म्हणतात गणवेश आमचा होता, आणि दोघं चक्क हसतात. असे अजून चार व्हिडिओ हवे होते.

सबटायटल्सबद्दल लिहिलं नाही तर माझा जीव शांत होणार नाही. मूळ इंग्रजी आहे, मराठी सबटायटल आपोआप बनलेली आहेत आणि ती कुणीही वाचून बघितलेली नाहीत. 'बॉट आर्मी'चं (बॉट म्हणजे आपोआप पोस्ट टाकणारी खोटी अकाउंट) झालंय 'बोटांचं सैन्य'. 'ट्रोल फार्म'चं, म्हणजे पगारी माणसं बसवून खोट्या नावांनी पोस्ट टाकायच्या ऑफिसचं, 'ट्रोलची शेती', आता हे मात्र मला मनापासून आवडलं. 'लीक झालेली कागदपत्रं' सगळीकडे 'गळकी कागदपत्रं'. एका ठिकाणी सर गंभीर चेहऱ्याने सांगतायत आणि खाली येतंय 'शत्रूने हजारो बोटे वापरून मत बदलले', मी पॉज करून स्क्रीनशॉट काढला, टीमच्या ग्रुपवर टाकला, दोन दिवस आमचं काम बंद. इंग्रजी समजत असेल तर सबटायटल बंदच ठेवा.

आता मालाकडे येऊ.

पहिला आठवडा इतिहास. प्रोपगंडा (पद्धतशीर प्रचार) हा शब्द मुळात शिवी नव्हताच, १६२२ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी धर्मप्रसारासाठी मंडळ काढलं त्याच्या लॅटिन नावातून तो आला, हे पाच मिनिटांत उरकलंय ते बरं केलं. मग येतो एडवर्ड बर्नेज, मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडचा सख्खा भाचा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारच्या प्रचार समितीत काम केलेला हा गडी, युद्ध संपल्यावर त्याने तेच कसब कंपन्यांना विकायला काढलं. १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवर तरुण मुलींनी मिरवणुकीत भर रस्त्यात सिगारेटी पेटवल्या, त्यांना नाव दिलं 'स्वातंत्र्याच्या मशाली', आणि पेपरवाल्यांना आधीच कुणकुण लावून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. जाहिरात नाही, बातमी! पैसे अमेरिकन टोबॅको कंपनीचे, चेहरे मुलींचे, मुद्दा स्त्रियांच्या हक्कांचा, आणि कंपनीचं नाव कुठेच नाही.

हे मला आधीपासून माहीत होतं, आमच्या धंद्यात बर्नेज म्हणजे कुलदैवत. (या एका मिरवणुकीने बायका सिगारेट ओढायला लागल्या वगैरे जे सांगतात ते जरा सांभाळून घ्या, त्या माणसाने आयुष्यभर सगळ्यात चांगली जाहिरात स्वतःचीच केली.) पण मॅडमनी इथे एक प्रश्न टाकला आणि मी व्हिडिओ थांबवला. त्या विचारतात, या सगळ्याच्या खाली सही कुणाची आहे? साबणाच्या जाहिरातीखाली साबणवाल्याचं नाव असतं, खोटं बोलला तर त्याची कॉलर धरता येते. इथे बोलणारा एक, बोलवणारा दुसराच. मी इतकी वर्षं समजत होते की मार्केटिंग आणि प्रोपगंडातला फरक मालात आहे, आम्ही शांपू विकतो आणि ते द्वेष विकतात, म्हणून आम्ही बरे. आणि मग मला आठवलं की गेल्याच महिन्यात एका इन्फ्लुएन्सरला मी मेसेज केलेला, 'पेड पार्टनरशिपचा टॅग जरा शेवटी टाक ना, हॅशटॅगच्या गर्दीत'. म्हणजे तिने पैसे घेतलेत हे कुणाच्या लक्षात येऊ नये. ती बिचारी हो म्हणाली. तो मेसेज अजून फोनमध्ये आहे, डिलीट करावासा वाटतो आणि करत नाही.

पूर्ण कोर्सला हा एकच धागा आहे खरं तर, सही कुणाची, आणि जिथे जिथे तो पकडून ठेवलाय तिथे कोर्स एक नंबर आहे. जिथे सोडलाय तिथे घसरलाय.

दुसऱ्या आठवड्यात पहिलं महायुद्ध. ब्रिटनने युद्ध पुकारल्या पुकारल्या, ५ ऑगस्ट १९१४ ला, जर्मनीच्या समुद्राखालच्या टेलिग्राफच्या तारा कापल्या, म्हणजे मग अमेरिकेत पोचणाऱ्या युद्धाच्या बातम्या बहुतेक लंडनवरून. आमच्या भाषेत चॅनेलच ताब्यात घेतला, क्रिएटिव्ह, म्हणजे त्यात काय बोलायचं ते, नंतर बघू. अमेरिकेत 'फोर मिनिट मेन', साधारण ७५,००० स्वयंसेवक, सिनेमाचं रीळ बदलायला जी चार मिनिटं लागायची तेवढ्यात उठून युद्धाच्या बाजूने भाषण करायचे. लोक खुर्चीत अडकलेले, पुढचं रीळ यायचंय, जाणार कुठे? व्हिडिओच्या आधी न टळणारी जाहिरात येते ना, तिचे हे पणजोबा.

पण या आठवड्यातलं जे डोक्यात बसलंय ते वेगळंच. १९१७ मध्ये ब्रिटिश पेपरांनी छापलं की जर्मन लोक आपल्याच मेलेल्या सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून चरबी काढतात. मूळ जर्मन मजकुरात 'काडावर' असा शब्द होता, तो जनावराच्या मढ्यासाठी वापरतात, इकडे त्याचं माणसाचं प्रेत झालं. जगभर गाजलं हे प्रकरण. १९२५ मध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी संसदेत मान्य केलं की यात तथ्य नव्हतं. संपलं? नाही ना. वीसेक वर्षांनी नाझींच्या छळछावण्यांच्या खऱ्याखुऱ्या बातम्या यायला लागल्या तेव्हा कित्येकांना वाटलं, हं, हे परत तेच सुरू झालं. लांडगा आला रे आला ची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि पोराला शहाणपण शिकवून सोडून देतो, इथे लांडगा खरंच आला होता आणि लाखो माणसं खाऊन गेला. सरांनी हे त्याच एका सुरात सांगितलं आणि मी स्पीड कमी करून परत ऐकलं.

तिसरा आणि चौथा आठवडा म्हणजे या कोर्सचा गाभा, बाकी काही नाही बघितलं तरी हे बघा. डिसेंबर १९५३, न्यूयॉर्कचं प्लाझा हॉटेल, सिगारेट कंपन्यांचे प्रमुख जमलेत कारण सिगारेटने कॅन्सर होतो असं संशोधन बाहेर यायला लागलंय. सल्ल्याला बोलावली जनसंपर्क कंपनी हिल अँड नोल्टन. ४ जानेवारी १९५४ ला ४०० हून जास्त पेपरांत पानभर निवेदन, की आम्हाला तुमच्या तब्येतीची काळजी आहे, आम्ही संशोधनाला पैसे देऊ, अजून काही सिद्ध झालेलं नाही. बघा, 'सिगारेट चांगली आहे' असं कुठेही म्हटलेलं नाही. सगळा जोर 'दोन्ही बाजू आहेत' यावर. पुढे १९६९ च्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर सरळ लिहिलंय की शंका हाच आपला माल. मॅडम ते टिपण स्क्रीनवर ठेवून एक मिनिट काहीच बोलल्या नाहीत, आणि मला कॉपीरायटर म्हणून लाज आणि असूया एकदमच वाटली, कारण ब्रीफ म्हणून, म्हणजे जाहिरातवाल्याला काय करायचं ते सांगणारी सूचना म्हणून, ते खरंच उत्कृष्ट आहे. चार शब्दांत सगळं काम आलं.

मग चौथ्या आठवड्यात १० ऑक्टोबर १९९०. इराकने कुवेत गिळलेला, अमेरिकेने युद्धात पडावं की नाही यावर वाद चाललाय. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी खासदारांच्या मानवाधिकार गटासमोर एक १५ वर्षांची मुलगी रडत रडत सांगते की इराकी सैनिकांनी हॉस्पिटलमधल्या इन्क्युबेटरमधून बाळं काढून जमिनीवर मरायला टाकली. टीव्हीवर दाखवलं, राष्ट्राध्यक्ष बुश यांनी पुन्हापुन्हा उल्लेख केला, सिनेटर लोकांनी भाषणात वापरलं. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने युद्धाला मान्यता दिली ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी. वर्षभराने, जानेवारी १९९२ मध्ये, बाहेर आलं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताची मुलगी, आणि हे सगळं ज्या मोहिमेचा भाग होतं तिचे पैसे बव्हंशी कुवेत सरकारचे, मोहीम चालवणारी कंपनी कोण? हिल अँड नोल्टन. तीच. बाळांच्या त्या गोष्टीला नंतर आधार सापडला नाही.

आता कुणी म्हणेल इराकने कुवेतमध्ये अत्याचार केलेच होते, हो, केले होते, मग खऱ्या गोष्टी सांगायला काय झालं होतं? याचं उत्तर आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. खऱ्या गोष्टींची यादी क्लिक आणत नाही, रडणारी मुलगी आणते. तिच्या नावापुढे 'राजदूतकन्या' एवढा एक शब्द असता तर ऐकणाऱ्यांनी निदान एक प्रश्न तरी विचारला असता. तो शब्द काढला, हेच एडिटिंग. मी रोज करते तेच.

पाचव्या आठवड्यात केजीबीचं, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचं, एड्स प्रकरण आहे. १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' पेपरात एका निनावी 'अमेरिकन शास्त्रज्ञाचं' पत्र छापून आलं, की एड्सचा विषाणू अमेरिकेनेच प्रयोगशाळेत बनवला. दोन वर्षांनी सोव्हिएत साप्ताहिकाने लिहिलं, भारतातल्या पेपरने असं म्हटलंय बरं का. म्हणजे स्वतःच पेरायचं आणि मग दुसऱ्याच्या शेतातून तोडून आणल्यासारखं दाखवायचं (ट्रोलची शेती आठवली का). १९९२ मध्ये रशियन गुप्तहेर खात्याचे प्रमुख प्रिमाकोव्ह यांनी आमचाच हात होता हे कबूल केलं, पण तोवर ते जगभर पोचलेलं, आणि आजही कुणीतरी कुठेतरी ते नव्याने शोधून काढतंच. काळा पैसा पांढरा करतात तसं हे, फक्त इथे सही धुवून काढतात.

याच आठवड्यात रवांडाचं आरटीएलएम रेडिओ. १९९३ ला सुरू झालेलं स्टेशन, छान गाणी, गावगप्पा, हसवणारे निवेदक, लोकांना आवडायचं, आणि त्याच मधल्या जागेत तिथल्या अल्पसंख्य तुत्सी लोकांना 'झुरळं' म्हणायचं, मग १९९४ मध्ये त्यांचा नरसंहार सुरू झाल्यावर कुणाला मारायचं त्यांची नावं आणि ठिकाणं सांगायची. हे स्टेशन जाम करा अशी मागणी झाली तेव्हा अमेरिकी संरक्षण खात्याच्या टिपणात उत्तर आलं की जाम करणाऱ्या विमानाचा खर्च तासाला ८,५०० डॉलर, कायद्याच्या अडचणी, आणि तसं परिणामकारकही नाही. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने या रेडिओच्या लोकांना नरसंहारासाठी दोषी धरलं. या भागावर कोर्सने फक्त ११ मिनिटं दिलीत, आणि लोगोंच्या मानसशास्त्रावर ४०! काय बोलायचं. आणि हो, धाग्याच्या दृष्टीने इथे गोची आहे, आरटीएलएम काही सही लपवून बोलत नव्हतं, सगळ्यांना माहीत होतं कोण बोलतंय. मॅडमचा नियम इथे तोकडा पडतो, आणि त्यावर कुणी काहीच बोलत नाही. मी चर्चेच्या पानावर प्रश्न टाकला. आठवडा झाला, उत्तर नाही, तीन अंगठे आलेत.

सहाव्या आठवड्यात सोशल मीडिया, आणि इथे ह्यूस्टनची केस फारच भारी मांडलीये. २१ मे २०१६, अमेरिकेतलं ह्यूस्टन, एका इस्लामिक सेंटरबाहेर रस्त्याच्या एका बाजूला 'टेक्सासचं इस्लामीकरण थांबवा' वाले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या विरोधातले, मध्ये पोलिस, घोषणाबाजी. दोन्ही बाजूंना बोलावणारी फेसबुक पेजेस रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एकाच ऑफिसातून चालत होती. खर्च साधारण २०० डॉलर, हे पुढे अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर आलं. २०० डॉलर! मी एखादा वेबिनार भरवायला याच्यापेक्षा जास्त उडवते आणि लोक येत नाहीत. फसलेली माणसं अमेरिकन, खरी, आपापल्या रागावर खरोखरची आलेली. राग त्यांचा, फक्त तारीख, वेळ आणि पत्ता दुसऱ्याने भरून दिला. इव्हेंट पेज बनवताना मीही तेच तीन रकाने भरते.

आणि मग सातवा आठवडा, जिथे माझी चिडचिड झाली. निवडणूक प्रचाराचा सल्ला विकणाऱ्या केंब्रिज अॅनालिटिकावर तीन व्हिडिओ, भयपटासारखं म्युझिक लावून. एका पर्सनॅलिटी क्विझच्या अॅपमधून, जे साधारण २,७०,००० लोकांनी घेतलं, त्यांच्या फ्रेंडलिस्टमधून धरून ८ कोटी ७० लाखांपर्यंत फेसबुक युजरचा डेटा गेला, २०१८ मध्ये बोंब झाली, पुढच्या वर्षी अमेरिकेत फेसबुकला ५ अब्ज डॉलर दंड, इथपर्यंत ठीक, डेटाची चोरी ती चोरीच. पण पुढे कोर्स छातीठोक सांगतो की या डेटावरून प्रत्येकाच्या मनाची चावी बनवली आणि निवडणूक फिरवली. अहो, हे तर त्या कंपनीचं सेल्स पिच होतं! क्लायंटला विकताना सगळेच म्हणतात आम्ही मन वाचतो, मीसुद्धा डेकमध्ये, म्हणजे क्लायंटला दाखवायच्या स्लाइड्समध्ये, असलं लिहिलंय, आणि मग प्रत्यक्षात क्लिक रेट बघून क्लायंटसमोर तोंड लपवत बसलेय. ती मनाची चावी खरंच लागली याचा पटेल असा पुरावा कधी पुढे आला नाही. म्हणजे प्रोपगंडापासून वाचायला शिकवणाऱ्या कोर्सने प्रोपगंडा विकणाऱ्याची जाहिरात जशीच्या तशी गिळली. इथे 'सही कुणाची' विचारा की! हा दावा पहिल्यांदा कुणी केला, तर विकणाऱ्याने.

त्याच आठवड्यात स्ट्राव्हाची केस मात्र मस्त. व्यायामाच्या अॅपने हौसेने सगळ्यांच्या धावण्याचा जगाचा नकाशा काढला, दिसायला झक्कास, मार्केटिंगवाले खूश, आणि जानेवारी २०१८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वाळवंटात ज्या चमकणाऱ्या रेषा दिसतायत ते लष्करी तळांवरचे सैनिक सकाळी पळतात त्या वाटा आहेत. कुणी हेरगिरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही, सैनिकांनीच बिचाऱ्यांनी कॅलरी मोजल्या. २०१३ मध्ये एपी या वृत्तसंस्थेचं अकाउंट हॅक करून टाकलेल्या खोट्या ट्विटचंही यातच आहे, व्हाइट हाउसमध्ये स्फोट, ओबामा जखमी, काही मिनिटं शेअर बाजार कोसळला आणि परत वर आला. हे मात्र पटकन संपवलंय.

शेवटचा आठवडा 'बचाव', आणि तो इतका घाईत गुंडाळलाय की जणू शूटिंगचा स्टुडिओ रिकामा करायचा होता. १९७७ च्या प्रयोगातली गोष्ट, की तेच वाक्य पुन्हापुन्हा ऐकलं की खरं वाटायला लागतं, आणि मानसशास्त्रज्ञ मॅकग्वायरची १९६० च्या दशकातली लसीची कल्पना, म्हणजे खोटेपणाची युक्ती आधीच थोडी दाखवून ठेवली तर माणूस पुढे तितक्या सहज फसत नाही, एवढं सांगून सर्टिफिकेट. पण एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासावरचा व्हिडिओ चांगला आहे, ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्या तपासल्या तर खोटी बातमी रीट्वीट व्हायची शक्यता ७० टक्के जास्त, आणि १,५०० लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला सहापट वेळ. आणि हे बॉट काढून टाकले तरी तसंच. म्हणजे बोटांचं सैन्य नव्हे, आपलीच बोटं. सबटायटलवाला इथे नकळत बरोबर निघाला!

या आठवड्याची असाइनमेंट: फॅमिली ग्रुपवरचा एक फोटो घ्या आणि मूळ शोधा. माझ्या मामाने त्याच आठवड्यात पुराचा एक फोटो टाकलेला, छपरावर बाई, कडेवर मूल, खाली 'मीडिया हे दाखवणार नाही'. सर्चमध्ये फोटोच टाकून तो आधी कुठे आलाय ते शोधलं, चार मिनिटं लागली, सात वर्षं जुना निघाला आणि भलत्याच देशातला. लिंकसकट ग्रुपवर टाकलं, नीट, प्रेमाने, 'मामा, हा जुना आहे रे'. मामाचं उत्तर: 'अगं पण असं कुठेतरी चालू असेलच की.' मामीचा अंगठा. त्यापुढे कुणाचंतरी गुड नाइट. याचं काय करायचं ते आठ आठवड्यांत कुठेच नाही. फोटो खोटा होता हे मामाला पटलंय, त्याला फरकच पडत नाहीये, कारण त्याच्यासाठी तो फोटो पुरावा नव्हताच, त्याला आतून जे वाटतंय त्याचं ते चित्र होतं. मॅडमना विचारायला आवडलं असतं. लाइव्ह प्रश्नोत्तरं जाहिरातीत होती, कोर्समध्ये 'लवकरच'.

तर घ्यावा का? मार्केटिंग, पत्रकारिता, शिकवणं यातलं काही करत असाल तर घ्या, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यासाठी घ्या, सातवा जरा सांभाळून बघा. सुरक्षेच्या अंगाने खोलात जायचं असेल तर हा उथळ आहे. टायमरकडे अजिबात बघू नका, सवलत कालही होती, उद्याही असेल. स्टार तीन: मॅडमचे दोन, सरांचा अर्धा, ट्रोलच्या शेतीचा अर्धा.

आणि हो, कोर्स संपल्या संपल्या मेल आला, पाच स्टारचा रिव्ह्यू लिहून स्क्रीनशॉट पाठवा, डीपफेकवरचं (कॉम्प्युटरने बनवलेले खोटे व्हिडिओ-आवाज) बोनस मॉड्यूल अनलॉक होईल. म्हणजे पेजवर जे शेकडो पाच स्टार बघून मी भुलले होते त्यांच्याखालची सही कुणाची तेही कळलं. माझ्या ११ वर्षांच्या अनुभवाला हे तेव्हाच कळायला हवं होतं, पण १४:३२ होते ना. बोनस मॉड्यूल मला काही मिळणार नाही, कुणी बघितलं असेल तर कसं आहे ते सांगा.

ता. क. मामाने काल मला वेगळा मेसेज करून एक व्हिडिओ पाठवला, 'हा खरा आहे का बघ गं'. मला इतकं भरून आलं. मी जेवण सोडून शोधायला बसले, वीस मिनिटांनी उत्तर पाठवलं की अर्धवट कापलेला आहे. तोवर त्याने तो तीन ग्रुपवर टाकलेला होता.